डिझेल ट्रकला ॲल्युमिनियमचं हेड: टिकतं की नाही?

टॉर्करेंच
"डिझेलला हेड बिडाचंच हवं, ॲल्युमिनियम पेट्रोल गाड्यांपुरतं ठीक" असं सर्रास म्हटलं जातं. (हेड म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, बीड म्हणजे ओतीव लोखंड.) मला ते पटत नाही. ॲल्युमिनियमचं हेड डिझेलचा दाब सोसतं. त्याचा घात करतं ते तापमान, आणि तापमान चढतं ते बहुतेक वेळा हेडबाहेरच्या कारणांनी: कूलंट कमी, पंप ढिला, रेडिएटर चोंदलेला, इंजेक्टर गळका.

जनरल मोटर्सच्या 6.6 लिटर ड्युरामॅक्सला 2001 च्या मॉडेलपासून ॲल्युमिनियमचीच हेड आहेत, ब्लॉक (खालचा, सिलिंडरांचा भाग) मात्र बिडाचा. फोर्डच्या 6.7 पॉवरस्ट्रोकलाही 2011 पासून तेच. याउलट फोर्डच्याच जुन्या 6.0 लिटर इंजिनाची हेड बिडाची होती, तरी हेड उचलून गास्केट (हेड आणि ब्लॉकमधलं सील) जाण्यासाठी ते बदनाम झालं. तिथे कमी पडले बोल्ट आणि ईजीआर कूलर (इंजिनात परत फिरवलेला धूर थंड करणारा भाग). धातू कमी पडला नाही.

ॲल्युमिनियम बिडाच्या सुमारे तिप्पट उष्णता वाहून नेतं. दोन व्हॉल्व्हमधला पूल, म्हणजे धातूची अरुंद पट्टी, जिथे चीर पडते, तो त्यामुळे लवकर थंड होतो.

बीडओतकाम
उष्णता वाहण्याचा मुद्दा खरा, पण तो अर्धाच सांगितलात. 200 अंशांच्या पुढे ॲल्युमिनियमची ताकद झपाट्याने उतरते. बीड 400 च्या आसपासही बऱ्यापैकी उभं राहतं. इंजिन एकदा जोरात तापलं की बिडाचं हेड बहुतेक वेळा वाचतं. ॲल्युमिनियमचं वाकतं, आणि वर नरमही पडतं. टी-6 प्रक्रियेने (ओतकाम तापवून, झटकन थंड करून, पुन्हा मंद तापवून) आणलेला कडकपणा तापल्याने गेला की गाडी थंड झाल्यावर परत येत नाही. बाहेरून हेड तसंच दिसतं, फेस (ब्लॉकवर बसणारी बाजू) मारून घेतला की सपाटही होतं, आणि पुढच्या चढावर गास्केट पुन्हा जातं.

दुसरं, फुगणं. ॲल्युमिनियम एका अंशाला मीटरमागे सुमारे 22 मायक्रॉन वाढतं, बीड 11. हेड 500 मिलिमीटर लांब आणि तापमान 80 अंश चढलं, तर हेड 0.88 मिलिमीटर वाढतं, खालचा ब्लॉक 0.44. म्हणजे दर वेळी तापताना-निवताना हेड गास्केटवर घासतं. सहा सिलिंडर एका ओळीत असलेल्या मोठ्या इंजिनात अखंड हेड याहून बरंच लांब असतं, तिथे हा फरक आणखी वाढतो. जड मालवाहू ट्रकांत आजही हेड बिडाची का, याचं हे एक मोठं कारण.

टॉर्करेंच
घासतं हे मान्य, पण म्हणूनच एमएलएस, म्हणजे अनेक पदरांचं, गास्केट आलं. त्याच्या पोलादी पदरांवरचा लेप ती सरक सोसतो, मात्र पृष्ठभाग गुळगुळीत हवा. तिथेच कामं बिघडतात. हेड साफ करताना ग्राइंडरला खरखरीत चकती लावली की दोन तोटे होतात: मऊ धातूत खड्डे पडतात, आणि चकतीची भुकटी तेलात जाऊन बेअरिंग खाते. प्लास्टिकचा स्क्रेपर आणि गास्केट रिमूव्हर वापरा. वेळ लागेल, लागू द्या.

मशीनशॉप
दोन्हीकडचं बरोबर आहे, पण वाद धातूवर अडकलाय. मुख्य गोष्ट हेड उतरवताना आणि तपासताना केली जाते, किंवा केली जात नाही.

इंजिन हाताला थंड लागल्याशिवाय बोल्ट सोडू नका. सोडताना कसण्याच्या उलट क्रमाने, म्हणजे कडेकडून मध्याकडे, दोन-तीन टप्प्यांत सोडा. गरम हेडचे बोल्ट एका बाजूने सोडले की ते तिथेच वाकतं आणि दोष कंपनीवर जातो.

मग स्ट्रेटएज (सरळ पट्टी) आणि फीलर गेज (फट मोजायच्या पात्या) लावा: लांबीत, रुंदीत, दोन्ही कर्णांवर. मर्यादा मॅन्युअलमधली धरा. लक्षात ठेवा, डिझेलची बरीच हेड घासायला परवानगीच नसते. फेस कमी झाला की व्हॉल्व्ह पिस्टनकडे सरकतात आणि कॉम्प्रेशन वाढतं. कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) हेडमध्येच असेल आणि हेड वाकलं असेल, तर वरची कॅमची लाइनही वाकलेली असते. खालून घासून ती सरळ होत नाही.

प्रेशर टेस्ट गरम पाण्यात करा. इंजेक्टर स्लीव्ह (इंजेक्टर बसतो ती नळी) आणि व्हॉल्व्हच्या पुलातली बारीक चीर थंडीत मिटलेली असते, बुडबुडे 80 अंशांच्या आसपास दिसतात. सीट (व्हॉल्व्ह टेकतो ती कडी) सैल आहे का तेही याच वेळी पाहा. हेड जोरात तापलं की सीटची पकड सुटते, आणि सुटलेली सीट पिस्टन फोडते.

लांबपल्ला
रोज पूर्ण वजनाने चढ चढणाऱ्या गाडीला मी बिडाचंच हेड निवडेन. पिकअप आणि मध्यम ट्रकला ॲल्युमिनियम चालेल, वजनाची बचत खरी आहे. पण कूलंटबाबत ढिलाई नको. बिडाच्या जुन्या इंजिनांसाठी बनलेलं जास्त पीएचचं कूलंट ॲल्युमिनियमला खातं, आणि जुनं झालेलं, आम्ल बनलेलंही खातं. पाण्याच्या वाटेशेजारी गास्केटची कड पोखरली जाते आणि दोष गास्केटच्या नावावर जातो. कंपनीने सांगितलेलंच कूलंट, डिस्टिल्ड पाण्यात. चढ संपल्यावर दोन-तीन मिनिटं आयडलवर ठेवून मगच इंजिन बंद करा.

बीडओतकाम
मशीनशॉप, कडकपणाची चाचणी राहिली. सगळं सपाट आलं तरी हेड नरम असेल तर ते बसवू नये, हा माझा मूळ मुद्दा.

मशीनशॉप
अगदी. चांगलं टी-6 ओतकाम साधारण 75 ते 90 ब्रिनेल (कडकपणाचं माप) दाखवतं. पूर्ण लांबीत चार-पाच ठिकाणी मोजा, कारण एखादाच सिलिंडर तापलेला असू शकतो. एक जागा बाकीच्यांपेक्षा 20 ने खाली असेल, तर मी ते हेड नाकारतो, फेस कितीही सरळ असला तरी. बसवताना टॉर्क-टू-यील्ड बोल्ट (कसताना कायमचे ताणले जाणारे) नवेच घ्या. बोल्टांच्या भोकांतलं तेल आणि कूलंट हवेने उडवा, नाहीतर बोल्ट कसताना अडकलेला द्रव ब्लॉक फोडतो. बोल्टाच्या डोक्याखाली मॅन्युअलने सांगितलेला कडक वॉशर टाका. तो नसेल तर बोल्ट ॲल्युमिनियमात रुततो, पकड उतरते, आणि गास्केट गळायला लागलं की लोक पुन्हा हेडच्या धातूवर घसरतात.