पिंगट केस: तुमच्या घरी काय म्हणायचे?

काल माळा आवरताना बिस्किटाच्या डब्यात माझं जुनं गंगावन सापडलं. काळंकुळकुळीत, टोकाला लाल गोंडा. गॅदरिंगच्या नाचासाठी आईने माझ्या वेणीत घातलं होतं, पण माझे केस पिंगट, त्यामुळे मानेपर्यंत एक रंग नि खाली भलताच, मुली आठवडाभर डबल डेकर म्हणत होत्या. घरी आजी तेल चोपडताना "नाकीडोळी नीटस आहे हो, केस तेवढे पिंगट" असं म्हणायची, त्यामुळे मला तो शब्द म्हणजे काहीतरी नासलंय असंच वाटायचं. मूळ पाहिलं तर संस्कृत पिंग, पिंगल, तांबूस पिवळट. म्हणजे चक्क रंगच! तुमच्याकडे काय म्हणायचे? लिहा.

द्राक्षवाला, निफाड
आमच्याकडे भुरे केस. पण भुरी म्हटलं की आमच्या पोटात गोळा येतो ताई, घडावर पांढरी पावडर धरते ती भुरी, आत्ताच गंधक मारून आलोय. चुलतभावाला स्थळ आलं तेव्हा मध्यस्थ म्हणाला मुलगी जरा भुरी आहे, आमचे आबा म्हणे मग फवारणी कोणी करायची 😂

सकाळची चहावाली
आबांना दंडवत

रात्रपाळी
मी नर्स. मेळघाटात तीन वर्षं काढली तेव्हापासून लहान पोराचे तांबूस केस दिसले की आधी दंड नि पाय बघते. प्रोटीन कमी पडलं की केस विरळ, फिके होतात, हलके ओढले तरी हातात येतात. एका पोरीच्या केसांत मधेच काळा पट्टा होता, वर खाली तांबूस. मधले काही महिने पोटभर जेवली होती तेवढाच काळा. पुस्तकात याला झेंड्याची खूण म्हणतात. अर्थात सगळेच पिंगट केस असे नसतात, धागाकर्तीचे घराण्यातलेच असणार

जोशीबुवा
पिंगळा घुबडही त्यातलंच. आणि पहाटे कंदील, कुडमुडं घेऊन येणारा पिंगळा, त्याला त्या पक्ष्याची बोली कळते म्हणून ते नाव. लहानपणी आम्ही गोधडीत तोंड खुपसायचो. आता पिंगट राहिले नाहीत, काळे राहिले नाहीत, पलित झालेत. पलित म्हणजे पिकलेले केस. ग्रीकमधला पोलिओस, करडा, हा त्याचाच भाऊबंद, पोलिओ नाव त्यावरूनच पडलं, पाठीच्या कण्यातल्या मज्जेचा करडा भाग सुजतो म्हणून. नातवाला डोस पाजताना हे सांगितलं तर सून म्हणाली बाबा आधी त्याचं तोंड उघडा

सकाळची चहावाली
बाबा हे केस उन्हात पांढरे नाही झाले हं 🙏 माझी मेंदी तेवढी गाजरी झालीय, काथ घालू का कॉफी

सॅन होजेची मावशी
चहाचं पाणी घाल आणि लोखंडी कढईत रात्रभर ठेव. इथे लायसन्सवर केसांचा रंग असतो, मी वीस वर्षांपूर्वी ब्राउन लिहिलं, आता डोकं कापसासारखं तरी लायसन्सवर ब्राउनच. टकलालाही वेगळा कोड आहे, आमचे हे निवांत

द्राक्षवाला, निफाड
काका 😂😂

रात्रपाळी
गंगावन खऱ्या केसांचं आहे का नायलॉनचं? जुनी वनगाईच्या शेपटीची असायची म्हणतात

धागाकर्ती: बघायला गेले तर लेकीने त्याला दोरी बांधून मांजरापुढे नाचवलंय, गोंडा गायब. बाकी नायलॉनच असणार, मांजर शिंकतंय. तेवढा माळा अर्धाच आवरून झालाय, कोणी येतंय का