पाढे घडाघडा म्हणतो, पण शाळेत पाणी मागत नाही. कार्डं की ॲप?

गोदाकाठ:
मुलगा सात वर्षांचा, ऑटिझम आहे, साध्या मराठी शाळेत जातो. रंग, प्राणी, पाढे सगळं तोंडपाठ. पण तहान लागली की माझा हात धरून माठाकडे नेतो, शब्द काढत नाही. शाळेत कोणाचा हात धरणार? डबा तसाच परत येतो (झाकण उघडत नाही त्याला) आणि चड्डी ओली. बाई म्हणतात, आधी बोलायला शिकवा. चित्रांची कार्डं द्यावीत का चित्रावर बोट लावलं की बोलणारं मोबाइलवरचं ॲप? सासूबाईंना धास्ती, कार्डांची सवय लागली तर तोंड उघडणारच नाही.

पाटी_पेन्सिल:
ताई, विशेष शिक्षिका म्हणून सांगते, कार्डांमुळे बोलणं अडत नाही. बरीच मुलं कार्ड देता देताच शब्द काढायला लागतात.

पेक्स पद्धत बघा, म्हणजे चित्राचं कार्ड हातात देऊन हवं ते मागायला शिकवणं, 1985 साली अमेरिकेत बाँडी आणि फ्रॉस्ट यांनी काढलेली. सुरुवातीला दोन मोठी माणसं लागतात. एक समोर खाऊ घेऊन, दुसरं मुलाच्या मागे. मुलाने खाऊकडे हात केला की मागच्याने तो हात धरून कार्ड उचलायला लावायचं आणि समोरच्याच्या तळहातावर ठेवायला लावायचं, तोंडातून चकार शब्द न काढता. समोरच्यानेही 'काय हवंय?' विचारायचं नाही. एकदा विचारायची सवय लागली की मूल त्या प्रश्नाचीच वाट बघत बसतं, आणि भरल्या वर्गात त्याला कोण विचारत बसणार?

घरी आवडत्या खाऊवर जमलं की शाळेत एकच कार्ड: 'उघडून द्या'. त्याच्याच डब्याचा फोटो काढा, लॅमिनेट करा, वेल्क्रोने आयकार्डाच्या रिबिनीला लावा. बाईंच्या कपाटातलं कार्ड असून नसल्यासारखं. शूचं कार्ड त्याने स्वतःहून देणं नंतर. तोवर ठरावीक वेळी न्यायचं आणि दर वेळी जाताना त्याच्या हातून कार्ड द्यायला लावायचं.

चाफा:
आमच्याकडे ॲप चाललं. आयआयटी मुंबईचं 'जेलो' फुकट आहे, मराठीतही आहे. पण शाळेने टॅब आणू दिला नाही, हरवला तर जबाबदारी कोणाची म्हणे! शेवटी घरी ॲप, शाळेत कार्डं.

बोलका_बाबा:
मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या. दिव्यांग हक्क कायदा, 2016 च्या कलम 17 मध्ये संवादाच्या पूरक आणि पर्यायी पद्धतींचा (म्हणजे अशी कार्डं, ॲप) उल्लेख आहे, तो घाला. भांडायला नव्हे, कागद फायलीला लागावा म्हणून. आणि निरामय विमा, म्हणजे ऑटिझम वगैरे असलेल्यांसाठीचा सरकारी आरोग्य विमा, काढलाय का? थेरपीचा काही खर्च त्यातून निघतो.

गोदाकाठ:
विमा नाही काढला, बघते. बाईंना वेळ नाही, पण शाळेतल्या मावशी तयार आहेत. झाकण मुद्दाम घट्ट लावू का मग?

पाटी_पेन्सिल:
लावा की! मावशी असतील तर उत्तमच, मधल्या सुट्टीत त्याच जवळ असतात. कार्ड हातात पडलं की 'उघडून द्या' म्हणत त्यांनी लगेच उघडायचं, एवढंच सांगा. आणि शूचं कार्ड सुरू झालं की बाईंनाही सांगून ठेवा: तास चालू असला तरी सोडायचं. 'थांब, सुट्टी होऊ दे' ऐकलं की तो पुन्हा कार्ड द्यायचा नाही.