पाटीवर नंबर कोरला म्हणजे गाडी ‘लिमिटेड’ झाली का?

पलासियाकर
काल कोणीतरी इथे लिहिलं: "कंपनीने आकडा जाहीर केला, डॅशबोर्डवर नंबराची पाटी लावली, की झाली लिमिटेड एडिशन. बाकी सगळं म्हाताऱ्यांचं रडगाणं." मी त्या म्हाताऱ्यांतलाच. तेव्हा रडतो.

आकडा जाहीर करायला लागतं काय? फेरारीने एफ४० च्या वेळी चारशेच्या आसपास म्हटलं होतं, निघाल्या तेराशेच्या वर. एन्झो ३४९ ठरली, ३९९ झाली, आणि चारशेवी पोपना दिली. ती लिलावात विकून पैसे मदतकार्याला गेले. लाफेरारी ४९९ वर थांबली म्हणता म्हणता २०१६ मध्ये इटलीतल्या भूकंपासाठी पाचशेवी निघाली. दानधर्माला माझी ना नाही. पण पुण्य करायचं ठरलं की लाइन पुन्हा सुरू होते, म्हणजे ती बंद कधी झालीच नव्हती.

माझं म्हणणं एवढंच: आकडा विक्री खात्याने ठरवला असेल तर ती जाहिरात. थांबण्यावाचून गत्यंतर नव्हतं म्हणून थांबली, ती लिमिटेड. मॅकलारेन एफ१ घ्या. इंजिनाच्या कप्प्याला आतून सोन्याचा वर्ख, कारण उष्णता परतवायला सोन्यासारखं दुसरं काही नाही. शर्यतीच्या धरून एकूण १०६ झाल्या. कंपनीला बऱ्याच जास्त विकायच्या होत्या.

पिंट्या_विजयनगर
तो ‘कोणीतरी’ मीच. काका, म्हणजे जिला गिऱ्हाईक मिळालं नाही ती खरी लिमिटेड? मग आपल्याकडे २०१६ मध्ये आलेली पोलो जीटीआय पण त्याच रांगेत बसवा. फक्त ९९ आणल्या, तीन दारांची, पंचवीस लाखांच्या वर. कोणी घेईना, म्हणून पुढच्या वर्षी भाव सहा लाखांनी खाली!

पलासियाकर
ती ९९ फक्त भारतात. बाहेर ढिगाने फिरतात. आमच्या घरात एकच फ्रिज आहे, म्हणून तो लिमिटेड एडिशन होत नाही.

पिंट्या_विजयनगर
उदाहरण अंगलट आलं की फ्रिज काढायचा. बरं, २०२५ मधली महिंद्राची बॅटमॅनवाली इलेक्ट्रिक गाडी, बीई ६? आधी ३०० म्हणाले, मागणी बघून ९९९ केल्या, १३५ सेकंदांत संपल्या. घेणाऱ्यांपैकी कोणी रडलं? लोकांना हवी होती, मिळाली. तुम्हालाच त्रास.

स्नेहलता_गंजवाली
मला आहे त्रास. कंपनीचं नाव घेत नाही. दोन वर्षांपूर्वी ‘स्पोर्ट लिमिटेड’ म्हणून गाडी घेतली, पंचेचाळीस हजार जास्त मोजून. लाल शिलाईची सीट कव्हरं, दारावर पट्टे, गिअरपाशी स्टीलची पाटी, वर आकडा ११२. हे म्हणाले, आपल्या लग्नाची तारीख १ डिसेंबर, ११२! मी पण हुरळले. गेल्या पावसाळ्यात गाडी धुतली तर पाटी हातात आली. मागे दुहेरी टेप. सर्व्हिस सेंटरला नेली, तर तो मुलगा अगदी गोड आवाजात विचारतो, "मॅडम, नंबर कौन सा छापूं?"

सरवटे_स्टँड
😂 ताई, ७८६ सांगायचा होता, नाहीतर १०८.

पीथमपूर_बी_शिफ्ट
ताई, वाईट वाटलं, पण आमच्या लाइनवर त्याला ‘किट’ म्हणतात. गाडी तीच, कोड वेगळा. पत्र्याची डाय, म्हणजे साचा, एकदा पाडली की तिच्यातून पॅनेल काढत राहणं यातच कंपनीचं भलं, ती थांबेल कशाला? कार्बन फायबरचं वेगळं. माणूस एकेक थर हाताने बसवतो, मग ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाच्या भट्टीत, भाजायचं. तिथे दिवसाला किती, याला खरोखर मर्यादा असते.

पण पलासियाकर काका, तुमचा सिद्धांतही पोकळ आहे. कंपनीला आकडा कोणी बाहेरून लावायचा, तर शर्यतीच्या नियमाने: गाडी शर्यतीत उतरवायची तर ती अमुक इतकी बनवलीच पाहिजे. आणि तो नियम किमान मागतो, कमाल नाही! पोर्शे ९११ आरएस २.७ ला ५०० हव्या होत्या, विकल्या १,५८०. तरी आज लोक तिच्यापुढे हात जोडतात. उलट २५० जीटीओला शंभर लागत होत्या, फेरारीने केल्या ३६, आणि म्हणे ही जुन्याच गाडीची नवी बॉडी, तेव्हा शंभरची अट नको. तुमची सर्वात पवित्र गाडी म्हणजे कागदावरची चलाखी.

पलासियाकर
जीटीओचं मान्य. चडफडत मान्य. आरएसचं नाही. ती लिमिटेड म्हणून नाही, चांगली म्हणून मोठी आहे.

पीथमपूर_बी_शिफ्ट
मग हेही घ्या. ९११ आर, २०१६, ९९१ गाड्या, मॅन्युअल गिअर. सट्टेवाल्यांनी भाव कुठल्या कुठे नेले. पुढच्याच वर्षी पोर्शेने आकड्याचं बंधन नसलेल्या जीटी३ ला मॅन्युअल दिला आणि आरचा भाव घसरला. ९९१ ची ९९२ झाली नाही, आकडा शाबूत. लिमिटेड मात्र गेली. पाहायचंच तर कंपनी पुढे काय काढते ते पाहा.

जुना_राजवाडा
अरे भिया, फेरारी-पोर्शे काय घेऊन बसलात! खरी लिमिटेड आपल्या इंदूरची. महाराजा यशवंतराव (दुसरे) होळकरांची ड्यूसेनबर्ग एसजे. चासी अमेरिकेची, बॉडी लंडनच्या गर्नी नटिंगची, दोन माणसांपुरती. त्या बांधणीची दुसरी नाही. पाटी लावायची गरजच नव्हती!

मालवा_मास्तर
गरज नव्हती, कारण बिल रयतेने भरलं. १९३० च्या दशकात, जगभर मंदी असताना.

जुना_राजवाडा
मास्तर, होळकरांवर बोलताना जिभेला आवर घाला. त्यांच्या माणिकबाग राजवाड्यासारखी इमारत त्या काळी हिंदुस्थानात दुसरी दाखवा. आमचे आजोबा दरबारात होते.

मालवा_मास्तर
माझे आजोबा शेतसारा भरणारे होते. माणिकबाग सुंदरच आहे. आता तिथे जीएसटी-कस्टमचं ऑफिस आहे, म्हणजे वसुलीची परंपरा चालू आहे.

जुना_राजवाडा
तुमच्यासारख्यांमुळेच असल्या गाड्या देशात राहिल्या नाहीत.

मालवा_मास्तर
माझ्यामुळे?! मी त्या वेळी रामबागेत चड्डीत गोट्या खेळत होतो.

सरवटे_स्टँड
दोघांनी छप्पन दुकानवर जाऊन पोहे-जलेबी खाऊन या. मुद्दा गाडीचा होता.

स्नेहलता_गंजवाली
माझ्या पंचेचाळीस हजारांचा होता.

पिंट्या_विजयनगर
ताई, तुमचं वाचून मघाशी खाली पार्किंगमध्ये गेलो. माझी पण ‘लिमिटेड’ आहे, आतापर्यंत सांगितलं नव्हतं. पाटीचा कोपरा नखाने उचकटला. टेपच आहे. काका, एक शब्द बोलू नका.

पलासियाकर
नंबर किती आहे तेवढं सांग.

पिंट्या_विजयनगर
११२.