गूढानुभव सारखे, म्हणून जाणीव एकच?

उंबरठा:
वेगवेगळ्या परंपरांतल्या मिथककथा आणि गूढानुभवांची वर्णनं फार जुळतात. त्यावरून सर्वांची आध्यात्मिक जाणीव मुळात एकच, 'सामूहिक' आहे, असा निबंध लिहायचा आहे. युक्तिवाद कुठे मोडेल?

पदच्छेद:
'सामूहिक' या शब्दावरच मोडेल. समाजशास्त्रज्ञ दुर्खीमचा (१८९३) अर्थ समाजातल्या सामाईक श्रद्धा-भावना. समाज बदलला की त्याही बदलतात. मानसशास्त्रज्ञ युंगची सामूहिक नेणीव म्हणजे वारशाने आलेली मनाची घडण. त्यातले आदिबंध तयार चित्रं नव्हेत, चित्रं घडवणारे साचे. आणि अद्वैतातलं चैतन्य 'समूहाचं' नाहीच, तिथे दुसरा कोणी उरतच नाही. एकाचा पुरावा दुसऱ्याच्या खात्यात टाकला की संपलं.

शंकासुर:
मिथकांत उसनवारी आधी तपासा. युंगचं गाजलेलं उदाहरण घ्या: एका मनोरुग्णाला सूर्याचं लिंग दिसे, ते हललं की वारा सुटे. एका प्राचीन ग्रीक संहितेतही सूर्यातून लोंबणारी नळी हाच वाऱ्याचा उगम. संहिता १९१० साली छापली, तेव्हा रुग्णाने ती आधी वाचणं अशक्य, म्हणून साम्य सामूहिक नेणिवेतून आलं, असं युंगचं म्हणणं. पण ती दुसरी आवृत्ती होती; पहिली १९०३ ची. त्याने वाचलीच असेल असं नाही, पण 'अशक्य' तर गेलं!

उंबरठा:
मान्य. पण गूढानुभवात कसली उसनवारी?

पदच्छेद:
भाषेची. मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्सने (१९०२) गूढानुभवाच्या चार खुणा दिल्या: शब्दांत न मावणं, काहीतरी कळल्याची खात्री, क्षणिकता, आणि आपण कर्ते नसल्याची भावना. चारही जुळल्या तरी घाट जुळतो, आशय नव्हे. गूढवादाचा अभ्यासक स्टीव्हन कॅट्झचं (१९७८) म्हणणं, परंपरा अनुभवाला नंतर चिकटत नाही, तो घडतानाच त्यात असते. दुसरा अभ्यासक रॉबर्ट फॉर्मनने (१९९०) उलट बाजू लावून धरली: ज्या जाणिवेत विचार-प्रतिमा काहीच नाही, तिथे परंपरा घडवणार काय? हा वाद निबंधात यायलाच हवा.

तुलनेसाठी तीनच उतारे घ्या, पण पूर्ण. प्रत्येकाचे दोन रकाने करा: काय जाणवलं आणि त्याला काय म्हटलं. 'प्रकाश' डावीकडे, 'ईश्वरदर्शन' उजवीकडे. अनुभव आणि लेखन यांत किती वर्षं गेली, तेही टिपा. संकलनं टाळा, 'ब्रह्म', 'शून्यता', 'गॉड' या सगळ्यांना सरसकट 'परमतत्त्व' केलेलं असेल, तर ते साम्य भाषांतरकाराचं.

शंकासुर:
डावा रकाना जुळला तरी थांबा. शरीरं सारखी असल्यानेही तो जुळेल. ताप चढताना सगळ्यांनाच थंडी वाजते, म्हणून सगळ्यांचा मिळून एकच ताप होत नाही.