मदत हवी आहे: मुलांमधलं नैराश्य ओळखायला कोणते प्रश्न विचारावेत?

संडे स्कूल (चर्चमधला मुलांचा रविवारचा धर्मवर्ग) शिक्षकांसाठी एक पानाचं टिपण करतोय. मोठ्यांमध्ये उदासी किंवा कशातच रस नसणं, सोबत झोप, भूक, एकाग्रता बिघडणं २ आठवडे जवळजवळ रोज दिसलं, तर डॉक्टरांकडे पाठवायचं. मुलं मात्र उदास दिसतीलच असं नाही; चिडचिड, वारंवार पोटदुखी, आवडता खेळ सोडणं, आणि मग ती ‘हट्टी’ ठरतात. मरणाचे विचार येतात का, हे सरळ विचारावं. विचारल्याने ते रुजत नाहीत. ‘हो’ आलं तर एकटं सोडू नये, त्याच दिवशी उपचार. ‘तुझा विश्वास कमी पडला’ हे कुणीही म्हणू नये. बायबलमध्ये १ राजे १९ मध्ये मरण मागणाऱ्या एलीया संदेष्ट्याला देवाने बोल लावला नाही, आधी भाकर-पाणी आणि झोप दिली.

अडलंय इथे: ८-१० वर्षांच्या मुलाला हे कोणत्या शब्दांत विचारावं? मुलांबरोबर काम करणाऱ्यांनी कृपया नेमकी वाक्यं सुचवा.