लोक नाचतात ते बेसमुळे की ड्रॉपच्या ओढीमुळे?

मंद्रसप्तक
टेक्नोच्या (इलेक्ट्रॉनिक नाचसंगीताच्या) फ्लोअरवर पाय का हलतात, याचं श्रेय डीजेच्या नावाला नाहीतर नशेला दिलं जातं. माझ्या मते खरं काम बेस, म्हणजे खर्जातला आवाज, करतो, आणि तेही नाचणाऱ्याच्या नकळत. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात ऑर्फक्स या टेक्नो वाजवणाऱ्या जोडीचा कार्यक्रम चालू असताना 8 ते 37 हर्ट्झचे खास स्पीकर दर अडीच मिनिटांनी चालू-बंद केले गेले. चालू असताना हालचाल सरासरी 11.8 टक्क्यांनी वाढली (निष्कर्ष 2022चे). वेगळ्या चाचणीत तो आवाज आहे की नाही, हे लोकांना ओळखताच आलं नाही. इतका खालचा आवाज कानापेक्षा अंगाला आणि आतल्या कानातल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेला पोचतो, असं संशोधक मानतात.

तेव्हा पैसे आधी सबवूफरवर (बेसचे स्पीकर, थोडक्यात सब) घाला. आणि स्टेजच्या दोन टोकांना एकेक सब ठेवू नका. 40 हर्ट्झची तरंगलांबी सुमारे साडेआठ मीटर. दोन्ही सबपासूनच्या अंतरात तिच्या निम्म्याचा, म्हणजे सव्वाचार मीटरचा फरक पडेल तिथे लाटा एकमेकींना खोडतात आणि बेस जवळजवळ नाहीसा होतो, आणि मधल्या पट्ट्यात नुसता दणका बसतो. सगळे सब मधोमध, जमिनीवर, एकमेकांना चिकटून.

अनवट
सबच्या मांडणीशी सहमत, निष्कर्षाशी नाही. तुमच्याच प्रयोगात लोक आधीपासून नाचत होते, बेसने भर घातली. नाचावंसं वाटतं ते अंदाज बांधण्यातून. 2014च्या एका अभ्यासात लोकांना ड्रमचे तुकडे ऐकवले. अगदी सरळ ठेका आणि फार गुंतागुंतीचा ठेका, दोन्हींपेक्षा मधल्या तुकड्यांवर नाचायची इच्छा सर्वांत जास्त होती. पुढचा ठोका कुठे येणार हे मेंदूला कळावं, पण थोडी हुलकावणीही मिळावी. तिहाई समेकडे येताना मैफलीत माना तयार होतात ना, तसंच.

ड्रॉपची, म्हणजे ताण वाढवत नेऊन बेस आणि किक (ड्रमचा खोल ठोका) एकदम परत येतात त्या क्षणाची बांधणी बघा. मिनिटाला 128 ठोक्यांच्या टेम्पोला एक बार (चार ठोके) 1.875 सेकंदांचा, म्हणजे 16 बारचा बिल्ड-अप (ड्रॉपकडे नेणारी चढण) बरोबर 30 सेकंदांचा. किक काढतात, फिल्टरने खालचे स्वर हळूहळू गाळतात, स्नेअर (तडतडणारा ड्रम) दुपटीने दाट होत जातो, शेवटचा एखादा ठोका रिकामा सोडतात. ऑस्लो विद्यापीठात अंगावर मार्कर लावून मोजलं तर ब्रेकडाउनमध्ये (किक-बेस काढलेल्या भागात) हालचाल कमी होते आणि ड्रॉपला उसळते. म्हणजे सगळे जिवाचे कान करून थांबतात तेव्हा बेस नसतोच!

फसतं कुठे? दोन ट्रॅक जुळवताना ठोके जुळतात पण आठ बारची वाक्यं जुळत नाहीत. मग ड्रॉप चार बार आधी येतो आणि फ्लोअर अडखळतो. दुसरी चूक, दर दोन मिनिटांना ड्रॉप. तासाभरात त्यातली ओढ संपते.

मंद्रसप्तक
अहो, पण ड्रॉपला परत येतं ते काय? बेसच. तोच ट्रॅक फोनच्या स्पीकरवर लावा, बिल्ड-अप जसाच्या तसा ऐकू येईल, ड्रॉप मात्र पोकळ लागेल. हणजुण्यात रुजलेला गोवा ट्रान्स आणि त्यातून निघालेला सायट्रान्स घ्या. टेम्पो 140च्या आसपास किंवा वर, प्रत्येक ठोक्याला किक आणि उरलेल्या तीन पाव मात्रांवर बेस. मोठे ड्रॉप मोजके, तरी लोक पहाटेपर्यंत नाचायचे थांबत नाहीत.

रात्रपाळी
दोघेही शेजारी नाचणाऱ्याला विसरताय. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी 2016 साली सायलेंट डिस्कोचा प्रयोग प्रसिद्ध केला. सगळ्यांच्या कानाला हेडफोन, सब नाहीच. एकाच वेळी एकच हालचाल करणाऱ्यांची वेदना सोसण्याची मर्यादा वाढली आणि एकमेकांबद्दल जवळीकही वाटली. दक्षिण गोव्यात पाळोळ्याला रात्री दहानंतर हेडफोन लावून पार्ट्या चालतात त्या याच बळावर. 200 जणांच्या हॉलमध्ये 60 आले असतील तर आवाज वाढवू नका, पडदा लावून जागा कमी करा. उजेड मंद ठेवा, डीजेला मंचावरून खाली आणा म्हणजे तोंडं एकमेकांकडे वळतील.

अनवट
हे पटतं, पण सोबत तरी टिकते ती ठोक्याचा अंदाज सगळ्यांना एकदमच येतो म्हणून.

आवाजाचं एक राहिलं. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये अशा कार्यक्रमांसाठी 15 मिनिटांची सरासरी 100 डेसिबलची मर्यादा सुचवली आहे, ए-वेटिंगने, म्हणजे कानाला कमी जाणवणारे स्वर कमी धरून मोजलेली. हे मापन 40 हर्ट्झला जवळपास 35 डेसिबल कमी धरतं. म्हणून आकडा चढला की आधी 2 ते 4 किलोहर्ट्झ खाली ओढा. बेसला हात लावायची गरज बहुधा पडणार नाही, मंद्रसप्तक, तेवढ्यापुरते आपण एका बाजूला.