व्हीएफएक्सची डिग्री करू का?

नाशिककर: बारावी सायन्स झालंय, व्हीएफएक्समधेच, म्हणजे सिनेमातल्या व्हिज्युअल इफेक्ट्समधे, जायचं पक्कं आहे, बाबा म्हणतात डिग्री पाहिजेच. तीन वर्षं शिकून खरंच काम येतं का?

रोटोवाला: डिग्री कर, पण सॉफ्टवेअर कॉलेजच्या भरवशावर सोडू नकोस. थ्रीडीचं ब्लेंडर फुकट आहे, शॉटचे थर जोडायच्या न्यूकचं नॉन-कमर्शियल व्हर्जन आणि धूर-आगीसारख्या इफेक्ट्सच्या हुडिनीचं अप्रेंटिस व्हर्जनही फुकट मिळतं, आजच टाक. मी सुरुवातीला नुसतं रोटो केलं, म्हणजे माणसाची कड फ्रेममागून फ्रेम कापायची, सिनेमात सेकंदाला २४ फ्रेम, पाच सेकंदांचा शॉट म्हणजे १२० फ्रेम, त्यात केस उडत असतील तर देव आठवतो, पण माझी नजर तिथेच तयार झाली.

कंपोझिटर ताई: मला डिग्रीचा फायदा झाला तो फोटोग्राफी आणि ड्रॉइंगमुळे. सावली कुठे पडते, लेन्स बदलली की मागचं कसं दिसतं, हे बटणं दाबून कळत नाही रे.

नाशिककर: ताई, शोरील, म्हणजे काम मागताना दाखवायचा आपल्या शॉट्सचा व्हिडिओ, किती मोठी करू?

कंपोझिटर ताई: दीड मिनिट बास. सगळ्यात चांगला शॉट पहिला टाक, आणि प्रत्येक शॉटमधे तू नेमकं काय केलंस ते लिही, ग्रुप प्रोजेक्ट असेल तर नक्कीच.